पंख्याआडचा हार

वऱ्हाडाचा टेम्पो आमच्या दाराशी थांबला आणि त्यातून नवऱ्यामुलाच्याही आधी उतरला तो एक पंखा. उभा, माझ्या छातीला लागेल एवढा, लोखंडी बैठकीचा आणि रुंद पोपटी पात्यांचा. दोघांनी तो उचलून मांडवात आणला, तिसऱ्याने वायर झेलली आणि त्यांच्यामागून पदराने कपाळ पुसत नवऱ्यामुलाच्या द्वारकाआत्या आल्या. पंखा कुठे उभा करायचा, तोंड कुठे फिरवायचं, वायर कोणाच्या पायात येणार नाही, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. मग समोरच्या खुर्चीत बसल्या आणि बटण दाबायला फर्मावलं. नवरामुलगा त्यानंतर, कोणाच्या फारसं लक्षात न येता, फेटा सावरत उतरला.

हे सगळं मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसलेल्या नवरीने खरं तर खिडकीबाहेर बघायचं नसतं. मुठीत तांदूळ धरून, गौरीवर चार चार दाणे वाहत, मुहूर्ताला बोलावणं येईपर्यंत बसून राहायचं असतं. मी तांदूळ वाहत होतेच. पण लक्ष सगळं मांडवातल्या लांब टेबलाकडे, जिथे आमचं रुखवत मांडलं होतं.

सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्या आमच्या आळीतल्या मुलीचं रुखवत म्हणजे बघायला अर्धं गाव लोटतं. लाडू-चकल्यांचे मनोरे सगळीकडेच असतात. आमच्याकडे त्यांच्या जोडीला लाकडाची केळी, लाकडाचे आंबे, फोड कापलेलं लाकडाचं कलिंगड आणि चुलीपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळी भातुकली. खऱ्या केळ्याला सोडून लाकडाच्या केळ्याला हात घालणारा एक तरी पाहुणा निघाला नाही तर आळीला ते लग्न लग्न वाटत नाही. या सगळ्याच्या टोकाला लाल फडक्याखाली झाकून माझं खेळणं ठेवलं होतं, आणि त्या खेळण्यावर माझा कात सासरी येणार की माहेरी राहणार ते ठरायचं होतं.

कात म्हणजे लाकूड गरागरा फिरवून त्याला पटाशीने आकार द्यायचं आमचं यंत्र. आळीची रीत अशी की कातावर पुरुष बसणार आणि बायका रंगवणार. एका पावसाळ्यात बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खांदा धरला. ऑर्डरी तर अंगावर आलेल्या. खांदा बरा होईपर्यंत म्हणून मी कातावर बसले. खांदा बरा झाला, पण मी काही उठले नाही. आईने बरीच आदळआपट केली, शेजारणींनी नाकं मुरडली, आणि बापूंनी यावर तोडगा म्हणून गुपचूप माझ्या उंचीचा एक छोटा कात बनवून माझ्यापुढे ठेवला. त्याला एक जुनी मोटार जोडली होती. दागिना मिळाल्यावर बायका हसतात तशी मी तेव्हा हसले, असं आई पुढे जन्मभर सांगत राहिली.

कुडाळची मंडळी मला बघायला आली तेव्हा मुलीला काय काय येतं अशी विचारणा झाली. आईने स्वयंपाक, भरतकाम, रांगोळी असं तिच्या मनाने रचलेलं सगळं सांगितलं. ते संपायच्या आत मी बोलून गेले, "आणि मी कात चालवतंय."

आईने माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथेच जमिनीत गाडावं. नवरामुलगा जयवंत मात्र पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागला. त्यांचं कुडाळला जळलेले पंखे आणि मोटारी उघडून त्यात नव्याने तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. त्याने मला विचारलं, मोटार किती ताकदीची. लग्नाच्या बघण्यात असा प्रश्न मला कोणी विचारेल असं स्वप्नातही आलं नव्हतं, आणि तिथेच तो मला आवडला. त्याचे वडील गरीब स्वभावाचे. त्यांनी बहिणीकडे बघितलं. कारण त्या घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर ठेवायची इथपासून दुकानाला कुलूप कधी घालायचं इथपर्यंत सगळं द्वारकाआत्या ठरवत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला म्हणून त्या माहेरी परत आल्या होत्या, धाकट्या भावाचा संसार त्यांनीच मार्गी लावला होता.

"आमच्याकडे बायलमाणसा दुकानात बसणत नाय," आत्याबाई म्हणाल्या. मग पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कात आणूचो की नाय ता मी रुखवत बघून सांगतलंय. हात बघूदे आदी."

मंडळी गेल्यावर बापूंनी मला जवळ बसवलं. त्यांनी हो म्हटलं तर कात तुझ्याबरोबर येईल, म्हणाले.

तर आता असं काहीतरी करायला हवं होतं, की बघितल्याबरोबर आत्याबाईंच्या तोंडून हो निघावं. केळी-आंबे त्यांनी जन्मभर बघितले असणार. मला सुचलं ते कामावरच सुचलं. त्या वर्षी आमच्या कामाच्या खोलीत पिवळा बल्ब काढून ट्यूबलाइट बसवली होती. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून त्या खोलीची खिडकी कायम बंद, त्यामुळे भरदिवसासुद्धा तिथे दिवा जळायचा. एकदा पाळण्यावर टांगायच्या खुळखुळ्यावर मी उभे पट्टे रंगवले आणि चकाकी आणायला केवड्याचं पान घेऊन तो पुन्हा कातावर चढवला. कात सुरू झाला, आणि पट्टे जागच्या जागी थांबले. घरघर चालू, लाकूड फिरतंय हे पानाला कळतंय, आणि डोळ्यांना मात्र पट्टे गप्प उभे. मग ते हळूहळू उलटे चालायला लागले. बापूंना वाटलं कात बंद पडला. ते सरळ खुळखुळा काढायला गेले आणि हाताला असा फटका बसला की दोन पावलं मागे सरकले. आईने ताबडतोब मीठमोहऱ्या आणून कातावरून ओवाळून टाकल्या.

मला मात्र त्यातून वेगळंच दिसलं. पट्टे थांबतात तर चित्रंही थांबतील. आणि चित्रं एकसारखी न काढता प्रत्येकात थोडा फरक ठेवला, तर ती जागच्या जागी हलतीलसुद्धा. ही सगळी वेगाची जादू आहे, अशी माझी पक्की खात्री झाली. बल्ब होता तोवर असं कधीच झालं नव्हतं, ट्यूब आल्यावर झालं, ही दोन टोकं जुळवायचं काही मला सुचलं नाही. त्या बंद खोलीत राबणाऱ्या आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची एक थाळीएवढी चकती काढली. तिच्या मागे एक मोठं चाक आणि एक लहान चाक, दोन्हींवरून ताणलेली दोरी आणि मोठ्या चाकाला मूठ. मूठ फिरवली की चकती कितीतरी पटींनी जोरात फिरायची. सुरुवातीला दोरी घसरायची आणि चित्रं झोपेतून उठल्यासारखी धडपडायची. दोरीला राळ चोळली, चाकाला खाच पाडली, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली.

राहिलं चित्र. आईचं म्हणणं, रुखवतात वधू-वरच हवेत. तर नवरी नवऱ्याला हार घालते आहे असं ठरलं. हात किती वर गेल्यावर कोपर कुठे येतं हे बघायला मी आईच्या हातात फुलांऐवजी सुतळीचं वेटोळं दिलं आणि बापूंना समोर उभं केलं. दोघं इतकी लाजली, की मला बराच वेळ काही काढताच येईना. "मान थोडी वाकवा," असं मी बापूंना सांगितलं तर आई म्हणाली, "तेवाही वाकवली नव्हती." पण वाकवली त्यांनी. चकतीच्या कडेने मी तीच जोडी पुन्हा पुन्हा काढली, प्रत्येक वेळी हार थोडा वर, मान थोडी खाली. शेवटच्या चित्रात हार गळ्यात. नवऱ्याला जयवंतसारखी बारीक मिशी दिली. ट्यूबखाली मूठ फिरवली आणि चकतीभर नवऱ्या एकदम हात उचलून हार घालायला लागल्या. आई मटकन खालीच बसली. दृष्ट लागू नये म्हणून लग्नाच्या दिवसापर्यंत हे कोणालाही दाखवायचं नाही, असं तिने फर्मान काढलं आणि लाल फडकं टाकून ठेवलं. ते फडकं निघालं ते थेट मांडवात.

फडकं काढायचा मान होता आबामामाचा. आईचा हा भाऊ आवाजाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. त्याने आधी सगळ्या पाहुण्यांना टेबलाभोवती जमवलं. आत्याबाई मात्र खुर्ची सोडून उठेनात. त्यांच्या आणि टेबलाच्या बरोबर मध्ये त्यांचा पंखा भणभणत होता. मामाने आदबीने विचारलं, पंखा जरा बाजूला घेऊया का, म्हणजे तुम्हाला नीट दिसेल.

"पंखो हलूचो नाय," आत्याबाई म्हणाल्या. "माका हयसून सगळा दिसता."

मामाने फडकं ओढलं, मुठीला हात घातला आणि जाहीर केलं, "आता बघा. नवरी नवऱ्याक हार घालतली, तुमच्या डोळ्यांदेखत."

त्याने मूठ फिरवली. झावळ्यांच्या मांडवातून ऊन गाळून आल्यासारखं त्या चकतीवर पडलं होतं आणि त्या उजेडात मी खिडकीतून डोळे ताणून बघितलं. काहीही दिसत नव्हतं. नवरीची हिरवी साडी, नवऱ्याचा लाल फेटा, पिवळा झेंडू, सगळं एकमेकांत कालवून नुसता एक गढूळ रंग. मामाला वाटलं जोर कमी पडतोय. त्याने आणखी जोरात फिरवली. रंग आणखी गढूळ झाला.

"हार खय गेलो?" कुडाळकडचं कोणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, सोलकढी बरी ढवळल्यात. हशा पिकला. वाईट मनाने कोणी हसलं नव्हतं, लग्नात माणसं हसायला टपलेलीच असतात. पण बापू मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. माझा कात पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. तो आता तिथेच राहणार, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला गंज चढणार, असं माझ्या मनाने घेतलं. गौरीवर वाहायचे तांदूळ मुठीत घामाने ओले झाले.

तेवढ्यात आत्याबाई कडाडल्या.

"थांबव ता! हार काढून घेता ती!"

मामाच्या हातून मूठ सुटली, तरी आधीच्या वेगाने चाकं फिरतच राहिली. कोण हार काढून घेतं, कोणाचा, कोणालाच कळेना.

"नवरी," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या गळ्यातलो हार काढून घेता. अजून लग्न लागूक नाय, आणि आदीच?"

सगळ्यांनी चकतीकडे बघितलं. गढूळ रंग. सगळ्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. कुडाळच्या एका काकूने हलकेच सांगितलं, ऊन लागलं असेल, जरा लिंबाचं सरबत आणा. आत्याबाईंनी तिला एका नजरेत गप्प केलं. माझे डोळे शाबूत आहेत, म्हणाल्या, आणि तुमचे कुठे गेले ते तुम्हीच शोधा.

खिडकीत मी मात्र उभी राहिले होते. लोकांना वाटत होतं आत्याबाईंना भ्रम झाला. पण चकतीवरचा तो हार मागेही येऊ शकतो, हे कामाच्या खोलीबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. आणि मामा डावखुरा होता. मी नेहमी उजव्या हाताने मूठ फिरवायची, त्याने डाव्याने फिरवली होती. चाक उलटं गेलं की गळ्यातला हार वर उचलला जाणारच. म्हणजे आत्याबाईंना खरंच दिसलं होतं. सगळ्या मांडवात फक्त त्यांना.

"उठू नको गो," आई दाराशी आडवी आली. "गौरीहर सोडून कोण उठता काय?"

मी गौरीला मनातल्या मनात म्हटलं, तुला सगळं कळतंय, दोन मिनिटं सांभाळून घे. आणि मुठीत तांदूळ तसेच घेऊन, मुंडावळ्या डोळ्यांवरून बाजूला करत, मांडवात गेले. नवरी अशी वेळेआधी बाहेर आलेली बघून जो गलका झाला तो मी कानांआड केला. सरळ आत्याबाईंच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या खांद्याच्या उंचीला वाकले आणि मामाला सांगितलं, तसंच फिरव.

पंख्याच्या पात्यांमधून बघितलं, आणि तिथे होत्या त्या. माझ्या सगळ्या नवऱ्या. थोड्या पुसट, थोड्या थरथरत, पण हात उचलून नवऱ्याच्या गळ्यातला हार अलगद काढून घेत होत्या. पातं आड आलं की चित्र झाकलं जायचं, पातं सरलं की उघडं पडायचं. दिसलं, झाकलं, दिसलं, झाकलं. कामाच्या खोलीतली ट्यूबसुद्धा नेमकं हेच करत असणार, आपल्याला न कळता मिचकावत. उन्हाला मिचकावणं माहीत नाही. माझं अर्धं खेळणं मी खोलीतल्या छताला विसरून आले होते, आणि ते आत्याबाईंनी कुडाळहून टेम्पोत घालून आणलं होतं.

मला एकदम इतकं हसू आलं की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भीतीच उरली नाही. मामाला म्हटलं, आता उलट्या बाजूला फिरव. त्याने डाव्या हाताने तसं करून बघितलं, मूठ कोपराला लागली, दोरी सुटता सुटता राहिली.

"तू सोड रे," आत्याबाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तूच फिरव गो. हार घालूचो तुका आसा, तेका नाय."

मी टेबलामागे गेले आणि उजव्या हाताने मूठ धरली. मला तिथून काहीच दिसत नव्हतं, दिसत होत्या त्या फक्त आत्याबाई, पात्यांच्या आड, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकलेल्या. पंख्याचा मिचकावण्याचा वेग ट्यूबपेक्षा कमी होता, म्हणून मलाही वेग कमी करावा लागणार होता. तो किती, ते आता त्यांनीच सांगायचं होतं.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "नवरो पळता हा. अजून जरा सावकाश. हां. आता रवलो. तसाच ठेव, हात हलवू नको."

मी श्वास धरून फिरवत राहिले. त्यांचं तोंड थोडं उघडं पडलं. मग त्यांची मान आपोआप जराशी खाली वाकली, चित्रातल्या नवऱ्याची वाकते तशी, आणि मला कळलं की हार पडला.

"घातल्यान," आत्याबाई हळूच म्हणाल्या. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "घातल्यान गो बाय. आणि मेल्याची मिशी बघा, आमच्या जयवंताची."

त्यानंतर मांडवात जे झालं त्याला लग्न म्हणायचं की जत्रा, हे आमच्या भटजींना अजून ठरवता आलेलं नाही. जो तो पंख्याआड जायला धडपडू लागला. मघाशी सोलकढी म्हणणारे गृहस्थ सगळ्यांत पुढे. आत्याबाईंनी खुर्ची काही सोडली नाही. त्या बसल्या जागेवरून एकेकाला खांद्यामागे बोलावत, कुठून बघायचं ते सांगत आणि त्याचं बघून झालं की हाताला धरून बाजूला करत. लोक खुळ्यासारखे हसत परत येत आणि पुन्हा मागे जाऊन उभे राहत. मी फिरवत होते, मध्ये बापूंनीही थोडा वेळ मूठ धरली. शेवटी नवरामुलगा पाटावरून उठून आला. त्याने वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाला की मोटार जोडली तर वेग एकसारखा राहील. मी म्हटलं, तेच माझ्याही मनात आहे.

"अहो, इथे मुहूर्त टळतोय," भटजी ओरडले. "तिकडचा हार घालून झाला असेल तर इकडचाही घाला."

आत्याबाईंनी मला जायच्या आधी थांबवलं. "उलटा फिरवला तर काढूनय घेता?"

"व्हय," मी म्हटलं.

"तसाच रवांदे. घोव शाणपण करूक लागलो तर फिरवूक बरा."

लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला, मी हार उचलला आणि जयवंतने अगदी चित्रातल्यासारखी मान वाकवली. आत्याबाईंनी तेही पंख्याआडूनच बघितलं. जेवणं झाली, विडे झाले, आणि या सगळ्यात काताबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. खेळणं आवडलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण आवडलं म्हणजे हो, असं त्यांनी काही म्हटलं नव्हतं, आणि मुलीच्या बापाने विचारायचं तरी कसं. बापू नुसते पडवीतून मांडवात आणि मांडवातून पडवीत फेऱ्या घालत होते.

निघायची वेळ झाली. टेम्पोत भांडी चढली, रुखवत चढलं, माझी ट्रंक चढली. सगळ्यांत शेवटी दोघांनी पंखा उचलून ठेवला, कारण उतरताना तो पहिला उतरायचा असे. टेम्पो गच्च भरला. आत्याबाई एक नजर टाकून परत वळल्या आणि थेट पडवीत गेल्या. त्यांनी गोणपाट उचललं आणि माझ्या छोट्या काताकडे बघत राहिल्या. मोटारीवर बोट फिरवलं, पट्टा ताणून बघितला.

"जड आसा?" त्यांनी बापूंना विचारलं.

"दोघांनी उचलता," बापू म्हणाले.

"टेम्पोत जागो खय आसा पण?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी आवरलं नाही. नाहीतरी सासरी जाताना रडायचंच असतं, कोणी कारण विचारत नाही.

"पंखो काढा," आत्याबाई म्हणाल्या.

जयवंत म्हणाला, "आत्या, पंखो?" त्यांच्या घरात कुणाच्या मयताला जातानासुद्धा तो पंखा मागे राहिला नव्हता.

"कानात बोळे घातलंस काय? पंखो काढ आणि ह्यो चढव."

पंखा परत खाली आला आणि आमच्या पडवीत, काताच्या जागेवर उभा राहिला. आत्याबाईंनी त्याच्या मोटारीवरची धूळ पदराने पुसली आणि बापूंना म्हणाल्या, "सावकाश चालवा. ह्येची तार माझ्या हातची आसा."

हे कुडाळच्या मंडळींनाही नवं होतं. जयवंत तर तोंडाकडे बघतच राहिला. आत्याबाई त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलत होत्या.

"मी परत इलंय तेवा भाव तापान पडलेलो. दुकान बंद. मागच्या खोलयेत बसून मी पयलो पंखो ह्यो केलंय. गिऱ्हायकाक सांगला, भावान केलो. मगे कितीक केलंय, सगळे भावाच्या नावान गेले. ह्यो गिऱ्हायक परत घेवक इलो नाय, म्हणान माझ्याकडे रवलो." त्यांनी पंख्याच्या पात्याला हलकी टिचकी मारली. "तुका कातावर बसूचा आसा तर बस. पण दुकानाच्या दारात बसूचा. मागच्या खोलयेत नाय."

माझे सासरे इतका वेळ टेम्पोच्या कडेला उभे होते. ते पुढे आले, धोतर खोचलं आणि काताची एक बाजू स्वतः उचलली. दुसरी बापूंनी.

कुडाळपर्यंतच्या वाटेत आत्याबाई ड्रायव्हरशेजारी बसून घामाने निथळत होत्या आणि लग्नपत्रिकेने वारा घेत होत्या. मध्येच मागे वळून मला म्हणाल्या, कातावर बसलीस की पहिला माझ्यासाठी हातपंखा कर. केला मी. दुकानाच्या दारात, रस्त्यावरचे लोक थांबून बघत असताना, त्याची मूठ कातली आणि पांगाऱ्याच्या पातळ फळीचं पान लावलं. पानात मुद्दाम बारीक उभ्या फटी ठेवल्या. तो डोळ्यांपुढे हलवला, की भरउन्हातसुद्धा चकतीवरच्या नवऱ्या हार घालायला लागायच्या.

आत्याबाईंनी तो पंखा शेवटपर्यंत उशाशी ठेवला. गिऱ्हाईक आलं की त्याला बसवायच्या, मला चकती फिरवायला लावायच्या आणि हातपंखा त्याच्या डोळ्यांपुढे धरून सांगायच्या, बघ, आमच्या सुनेनं केलं. वारा घ्यायला मात्र त्या पदरच वापरायच्या.